एकाच साइटवर ब्राउझर क्रॅश होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः विंडोज कॉम्प्युटरवरच्या क्रोम, एज आणि फायरफॉक्ससाठी आहेत. मोबाइलचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत. काही ठिकाणी ॲड्रेस बारमध्ये टाइप करायचे अंतर्गत पत्ते येतील, उदाहरणार्थ क्रोम://क्रॅशेस. इथे ते देवनागरीत दिसत असले तरी टाइप इंग्रजीतच करायचे.

बाकी सगळ्या साइट नीट चालतात, एका साइटवरच ब्राउझर बंद पडतो. दोष साइटचा की ब्राउझरचा?

बहुतेक वेळा ब्राउझरचा, नाहीतर ब्राउझरमध्ये घुसून बसलेल्या तिसऱ्याच कुणाचा तरी: ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोजला ग्राफिक्स चिपशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम), अँटिव्हायरस, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम). साइटचा कोड कितीही गचाळ असला तरी त्याने फार तर स्वतःचं पान बिघडवावं. ब्राउझर पाडायची मुभा त्याला नसते, आणि पाडता आलाच तर ती ब्राउझरची चूक धरली जाते. २००८ मध्ये क्रोम आलं तेच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचे, म्हणजे एक पडला तरी बाकीचे उभे राहतील, ही कल्पना घेऊन. फायरफॉक्सने २०१६ मध्ये ४८व्या आवृत्तीपासून तीच वाट धरली. तरी फटी राहतातच. सप्टेंबर २०१५ मध्ये सोळा अक्षरांची एक लिंक सापडली होती. तिच्यावर क्लिक करायचीही गरज नव्हती, नुसता माउस नेला तरी क्रोम कोसळायचं. लिंक विचित्र होती हे खरं, पण दुरुस्ती क्रोमला करावी लागली.

मग एकाच साइटवर का? कारण ती साइट असं काहीतरी वापरते जे तुमच्या रोजच्या बाकीच्या साइट वापरत नाहीत: थ्रीडी नकाशा, व्हिडिओ कॉल, शेकडो पानांची पीडीएफ, कॅमेरा, प्रिंटिंग. म्हणून 'फक्त याच साइटवर' हा तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा धागा आहे. पहिल्याच दिवशी ब्राउझर काढून पुन्हा टाकला, क्लिनर चालवला, विंडोज फॉरमॅट केलं, की तो धागा तुटतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी त्याच साइटवर जाऊन बघा.

साइट उघडतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं. हा पण क्रॅशच ना?

नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी जे होतं तो सर्व्हरवरचा ताण. तिथे तुमचा ब्राउझर ठणठणीत असतो, पलीकडून उत्तरच येत नाही. या पानावरचा एकही उपाय त्याला लागू पडत नाही. थांबायचं, एवढंच.

तिसरा प्रकार हँग होण्याचा. ब्राउझर समोर दिसतो, पण काही ऐकत नाही. याचं गाजलेलं उदाहरण १३ जानेवारी २०२२ चं. त्या दिवशी जगभर फायरफॉक्स अडकून बसलं. एका क्लाउड सेवेने आपल्या सर्व्हरवर बदल केला आणि त्यामुळे एचटीटीपी-३ (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याची नवी पद्धत) हाताळणाऱ्या फायरफॉक्सच्या कोडमधला झोपलेला बग जागा झाला. पानाबरोबर जाणाऱ्या माहितीच्या एका ओळीच्या, म्हणजे हेडरच्या, नावातल्या लहान-मोठ्या लिपीतल्या अक्षरांचा घोळ होता, आणि त्यापायी प्रोग्रॅम न संपणाऱ्या फेऱ्यात गेला. वापरणाऱ्यांनी काहीही बदललेलं नव्हतं. 'कालपर्यंत चालत होतं, मी कशालाच हात लावला नाही' असं कुणी सांगितलं तर ते खरं असू शकतं, हे त्यावरून लक्षात ठेवावं.

क्रोममध्ये पडलेल्या चेहऱ्याचं चित्र आणि खाली इंग्रजी कोड येतो. त्यातून काही कळतं का?

कळतं, म्हणून पान रीलोड करण्याआधी त्याचा फोटो काढा. 'आउट ऑफ मेमरी' म्हणजे त्या पानाला मेमरी पुरली नाही. 'रिझल्ट कोड हंग' म्हणजे पानाने फार वेळ उत्तर दिलं नाही. 'स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन' म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीतल्या परवानगी नसलेल्या जागेला हात लावला. हा ब्राउझरचा बग असू शकतो, बाहेरून शिरलेला कोड असू शकतो, कधी खराब रॅमही. 'स्टेटस ब्रेकपॉइंट' म्हणजे आत काहीतरी विसंगत दिसल्यामुळे ब्राउझरने स्वतःच काम थांबवलं.

कोड न येता अख्खा ब्राउझर पडद्यावरून गायब होत असेल तर टॅबच्या बाहेर, ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसमध्ये काहीतरी तुटलंय. आणि कॉम्प्युटरच निळा पडदा दाखवून रीस्टार्ट होत असेल तर ब्राउझरला सोडा. तो ड्रायव्हरचा किंवा हार्डवेअरचा मामला आहे.

सुरुवात कुठून करू?

ब्राउझर अपडेट करा, पूर्ण बंद करून उघडा, आणि मग तीच साइट इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी. या खिडकीत तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन्स चालत नाहीत आणि त्या साइटच्या जुन्या कुकीज नसतात. एका झटक्यात दोन संशयित बाजूला होतात. अर्ध्या मिनिटाच्या या चाचणीवरून पुढची दिशा ठरते, तरी लोक नेमकी हीच वगळतात.

इन्कॉग्निटोत साइट नीट चालली. आता?

दोनच शक्यता उरल्या: त्या साइटचा साठवलेला डेटा किंवा एखादं एक्स्टेन्शन.

आधी डेटा. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला जे चिन्ह असतं त्यावर क्लिक करा आणि कुकीज व साइट डेटा या पर्यायातून फक्त त्या साइटचा डेटा काढा. सगळी ब्राउझिंग हिस्टरी आणि सगळ्या कुकीज पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. पंचवीस ठिकाणचं लॉगिन जातं आणि कारण साइट डेटा होतं की आणखी काही, हेही कळत नाही.

त्याने फरक पडला नाही तर एक्स्टेन्शन्स. एकेक बंद करत बसू नका. निम्मी बंद करा आणि साइट उघडा. क्रॅश थांबला तर गुन्हेगार बंद केलेल्या निम्म्यांत, नाहीतर चालू असलेल्यांत. मग त्यातली निम्मी. वीस एक्स्टेन्शन्स असली तरी चार-पाच फेऱ्यांत नाव कळतं. जाहिराती अडवणारी, व्हिडिओ डाउनलोड करणारी, पान भाषांतरित करणारी आणि कूपन शोधून देणारी एक्स्टेन्शन्स आधी तपासा, कारण ती पानाच्या आत हात घालतात.

फायरफॉक्समध्ये आणखी एक सोय आहे: हेल्प मेन्यूतला ट्रबलशूट मोड. त्यात एक्स्टेन्शन्स, थीम आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) एकदम बंद होतं.

इन्कॉग्निटोतही क्रॅश होतो. मग?

मग ग्राफिक्सकडे वळा. नकाशे, व्हिडिओ, थ्रीडी मॉडेल, ऑनलाइन गेम यांचं चित्र काढायचं काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडे सोपवतो. तिचा ड्रायव्हर जुना किंवा सदोष असेल तर साध्या बातमीच्या पानावर काही जाणवत नाही, नकाशा झूम केला की मात्र धाडकन सगळं बंद. जुन्या लॅपटॉपवर हे फार दिसतं.

क्रोम आणि एजमध्ये सेटिंग्जमधल्या सिस्टीम विभागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण असतं. फायरफॉक्समध्ये ते जनरलखाली परफॉर्मन्समध्ये असतं. आधी 'शिफारस केलेली सेटिंग्ज' वरची खूण काढली की ते दिसतं. बटण बंद करून ब्राउझर रीस्टार्ट करा. क्रॅश थांबला तर कारण सापडलं, पण काम संपलं नाही. ॲक्सिलरेशन कायम बंद ठेवलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो, व्हिडिओ अडखळतो, पंखा घोंघावतो, बॅटरी उतरते. खरा उपाय ड्रायव्हर अपडेट करण्याचा. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. 'फुकट ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जाहिरातीत दिसणारे प्रोग्रॅम टाळा. त्यांतले बरेचसे नवी डोकेदुखी आणतात. अपडेट झाल्यावर बटण पुन्हा चालू करून बघा.

कधीकाळी यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून 'क्रोम फास्ट करायला' काही प्रायोगिक सेटिंग्ज बदलली होती का? क्रोम://फ्लॅग्ज या पानावर वर 'रीसेट ऑल' आहे. ते दाबून टाका.

पान उघडतं, पण फाइल अपलोड करताना किंवा प्रिंट देताना ब्राउझर बंद होतो.

शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, भरतीचे फॉर्म भरताना ही तक्रार येते आणि दोष हमखास साइटला दिला जातो. प्रत्यक्षात 'फाइल निवडा' म्हटल्यावर जी खिडकी उघडते ती विंडोजची असते. क्लाउड स्टोरेज, झिप करणारे प्रोग्रॅम, पीडीएफ वाचक यांनी विंडोजला चिकटवलेले छोटे तुकडे तिच्याबरोबर लोड होतात. त्यातला एक बिघडला की खिडकी उघडणारा ब्राउझर अडचणीत येतो. नव्या आवृत्त्यांत हे काम बरंचसं वेगळं काढलंय, जुन्यांत नाही.

चाचणी सोपी आहे. फाइल निवडायच्या खिडकीऐवजी फाइल माउसने ओढून पानावर सोडा, साइटने ती सोय दिली असेल तर. किंवा दुसऱ्याच कुठल्यातरी साइटवर, ईमेलला फाइल जोडताना बघा. तिथेही पडला तर ही साइट निर्दोष. प्रिंटच्या बाबतीत प्रिंटरऐवजी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा. ते चाललं तर प्रिंटरचा ड्रायव्हर नव्याने टाका. सातबाऱ्याची प्रत हवी असेल तर ती पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे छापता येते, तोवर काम अडत नाही.

अँटिव्हायरसमुळे असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि एकाच साइटवरही होऊ शकतं. बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये 'सुरक्षित बँकिंग'सारखी सोय असते आणि ती बँकेची साइट उघडली की जागी होते. मग बँकेच्याच साइटवर क्रॅश होतो, आणि माणूस बँकेला फोन करत बसतो.

हे प्रोग्रॅम ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये आपला कोड घुसवतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्रोमच्या टीमने जाहीर केलं होतं की असा कोड घुसवणारे प्रोग्रॅम ज्यांच्याकडे आहेत त्या विंडोज वापरकर्त्यांना क्रॅशचा अनुभव येण्याची शक्यता १५ टक्के जास्त असते. त्यानंतर क्रोमने अशा घुसखोरीला हळूहळू दारं बंद केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोमची ७८वी आवृत्ती आली तेव्हा सिमँटेकच्या एंडपॉइंट प्रोटेक्शन या सुरक्षा प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती असलेल्या ऑफिसांत प्रत्येक टॅब कोसळू लागला होता.

अँटिव्हायरस काढून टाका असं मी म्हणणार नाही. तो अपडेट करा, बँकिंगची किंवा वेब तपासणीची सोय दोन मिनिटं बंद करून बघा, कारण तेच निघालं तर त्या कंपनीला कळवा. फायरफॉक्समध्ये अबाउट:थर्ड-पार्टी या पानावर आत शिरलेल्या प्रोग्रॅमची यादी दिसते.

माझ्याकडे फक्त ४ जीबी रॅम आहे. तेच कारण असेल का?

त्या साइटवर बसल्या बसल्या पाच-दहा मिनिटांनी क्रॅश होत असेल तर दाट शक्यता. उघडताक्षणी होत असेल तर नाही. क्रोममध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्या टॅबची मेमरी वाढतच चालली आहे का बघा. न थांबता वाढत असेल तर साइटच्या कोडमध्ये गळती आहे. ती त्यांनीच दुरुस्त करायची. तोवर दर थोड्या वेळाने टॅब बंद करून नव्याने उघडा.

दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आल्यावर पान नव्याने लोड होत असेल तर तो क्रॅश नाही. वापरात नसलेले टॅब मेमरीतून काढायची ब्राउझरचीच ती सोय आहे.

दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघितलं, तिथेही तेच.

दुसरा म्हणजे कोणता? क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच सामायिक कोडवर बांधलेले आहेत. एजसुद्धा जानेवारी २०२० पासून. क्रोममधला बग एजमध्ये दिसला यात नवल नाही. खरी चाचणी फायरफॉक्समध्ये होते, कारण त्याचं इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा आतला गाभा, वेगळं. तिथेही पडला तर संशय ब्राउझरवरून उठवून ड्रायव्हर, अँटिव्हायरस आणि रॅम यांच्यावर ठेवा. रॅम तपासायला विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाचं साधन आहे.

ब्राउझर अनइन्स्टॉल करून परत टाकला तरी फरक नाही. असं कसं?

कारण बिघाड जिथे असतो ते प्रोफाइल तिथेच राहतं. प्रोग्रॅमच्या फायली नव्या आल्या, पण एक्स्टेन्शन्स, सेटिंग्ज आणि साइटचा डेटा जुनाच. त्याऐवजी नवीन प्रोफाइल करून बघा: क्रोममध्ये उजवीकडच्या वरच्या गोल चित्रावरून, फायरफॉक्समध्ये अबाउट:प्रोफाइल्सवरून. नव्यात साइट चालली तर बुकमार्क्स तिकडे न्या. नव्या प्रोफाइलमध्ये लगेच सिंक (खात्यातून जुनी सेटिंग्ज आपोआप आणणं) चालू करू नका, नाहीतर ते बिघडलेलं एक्स्टेन्शनही मागोमाग येईल.

ऑफिसचा कॉम्प्युटर विंडोज ७ चा आहे.

मग वरच्या उपायांवर फार वेळ घालवू नका. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९वी आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११०पासून किमान विंडोज १० लागतं. साइटवाले नव्या ब्राउझरवर तपासून बदल करतात आणि तुमचा तिथेच थांबलेला आहे. बिघाड होणारच. फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही जास्त काळ सांभाळली जाणारी मालिका त्या विंडोजवर चालते, पण तीही शेवटचीच. बँकेचे व्यवहार तर अशा मशीनवर करूच नका.

ब्राउझर उघडला की तेच पान आपोआप येतं आणि पुन्हा क्रॅश. बाहेर कसं पडायचं?

वाय-फाय बंद करा, केबल असेल तर काढा. आता ब्राउझर उघडा. पान लोडच होणार नाही, म्हणून पडणारही नाही. तो टॅब बंद करा आणि इंटरनेट पुन्हा जोडा. क्रोमने 'पानं परत आणू का' विचारलं तर नको म्हणा.

पान अडकलं आणि त्यावर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं.

फोन करू नका. हा क्रॅश नाही, फसवणूक आहे. पान मुद्दाम ब्राउझरला हजारो कामांत गुंतवून ठेवतं, म्हणजे तुम्हाला ते बंद करता येऊ नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडून एंड टास्क करा आणि परत उघडताना वर सांगितल्याप्रमाणे जुनी पानं आणू नका. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर तक्रार करा.

पैसे भरताना मधेच क्रॅश झाला. परत भरू?

आधी बँकेचा मेसेज आणि खात्याचं स्टेटमेंट बघा. रक्कम कापली गेली असेल तर त्या साइटच्या 'माझे व्यवहार' किंवा पावतीच्या पानावर, शक्यतो दुसऱ्या ब्राउझरमधून, नोंद झालीय का बघा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे किंवा साइटकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, अशा कार्ड आणि यूपीआय खरेदीत रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

मोबाइलवर काय वेगळं करायचं?

अँड्रॉइडवर क्रोमबरोबर 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' हेही प्ले स्टोअरवरून अपडेट करा. ॲपच्या आत उघडणारी वेब पानं त्यावर चालतात. मार्च २०२१ मध्ये त्याच्याच एका बिघडलेल्या अपडेटने जीमेलसकट कितीतरी ॲप्स धडाधड बंद पडली होती. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक एखाद्या ॲपच्या आतच उघडून पडत असेल तर ती कॉपी करून क्रोममध्ये उघडा.

आयफोनवर ब्राउझर बदलून सहसा उपयोग होत नाही. ॲपलच्या नियमामुळे भारतात तरी आयफोनवरचं क्रोम आणि फायरफॉक्स आतून सफारीच्याच वेबकिट इंजिनवर चालत आले आहेत. तिथे इंजिन बदलतं ते आयओएस अपडेट केल्यावर.

मराठी मजकुरामुळे क्रॅश होऊ शकतो का?

ऐकायला गमतीशीर वाटतं, पण झालेलं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची ॲप्स पाडली होती. ते अक्षर दाखवायला गेलं की ॲप बंद. बातम्यांत तेलुगूचंच नाव झालं. पण नंतर एका अभियंत्याने खणून काढलं की बंगाली आणि देवनागरीतही तोच बिघाड घडवता येतो. देवनागरीत त्यासाठी 'क्र'सारखं र जोडलेलं अक्षर, त्यानंतर जोडणी तोडणारं न दिसणारं चिन्ह आणि मग स्वरचिन्ह असा क्रम लागायचा. साध्या मराठी लिखाणात असा क्रम येत नाही, म्हणून आपल्याला झळ बसली नाही. ॲपलने आयओएस ११.२.६ मध्ये तो दुरुस्त केला. आज एखादं मराठी पान तुमच्याकडे पडत असेल तर अक्षरांवर संशय सगळ्यात शेवटी घ्या.

काहीच जमलं नाही. कळवायचं कुठे, आणि काय लिहायचं?

क्रोममध्ये क्रोम://क्रॅशेस आणि फायरफॉक्समध्ये अबाउट:क्रॅशेस या पानांवर झालेल्या क्रॅशची यादी असते. न पाठवलेला अहवाल तिथूनच पाठवा आणि त्याचा आयडी कॉपी करा. मग क्रोमच्या हेल्प मेन्यूतल्या 'रिपोर्ट ॲन इश्यू'मधून किंवा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या बगझिला या तक्रारींच्या साइटवर लिहा. 'साइट चालत नाही' एवढंच लिहिलं तर कुणीही काही करू शकत नाही. पानाचा पूर्ण पत्ता, ब्राउझर आणि विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स चिपचं नाव, क्रॅश आयडी, नेमकं कुठे क्लिक केल्यावर पडतं ते, आणि इन्कॉग्निटो व नव्या प्रोफाइलमध्ये काय झालं ते लिहा. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. क्रॅशच्या अहवालात त्या क्षणी मेमरीत असलेला खासगी मजकूर येऊ शकतो, म्हणून ती फाइल जाहीर ठिकाणी चिकटवू नका, ब्राउझरच्या अधिकृत मार्गानेच पाठवा. साइटवाल्यांनाही कळवा. ब्राउझरची दुरुस्ती यायला काही आठवडे लागू शकतात. त्यांना मात्र तो नकाशा किंवा ते बटण आजच्या आज पानावरून बाजूला काढता येतं.